विषम आकडा

काही वर्षांपूर्वी सेकंड एमबीबीएसच्या एका मुलाची एक्सेल शीट तपासत बसले होते. विषय साधा होता. आमच्या ओपीडीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी किती जणांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे? शंभर रुग्ण, प्रत्येकाचं बीपी दोनदा मोजलेलं. शीट देखणी होती. एकही रकाना रिकामा नाही, कोणी मधेच उठून गेलं नाही, कोणी सही द्यायला नकार दिला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आली नाही. पासष्टाव्या ओळीला मी थबकले. तिथे 137/89 होतं. त्याखाली 143. मग 151.

"कुठल्या यंत्रावर घेतलंस रे?"

"आपलंच, मॅडम. पाऱ्याचं."

"घेऊन ये."

त्याने यंत्र आणून टेबलावर उघडलं. पाऱ्याच्या नळीवरच्या रेघा दोन-दोनच्या टप्प्याने असतात. 136 ला रेघ आहे, 138 ला आहे. 137 ला नाही. तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "साठ पेशंट खरे आहेत, मॅडम." उरलेले चाळीस त्याने आदल्या रात्री हॉस्टेलवर बसून केले होते. का, तर सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आधी दिलेल्या आराखड्यात, शंभर लिहिले होते आणि मुदत संपत आली होती.

मी त्याला बोलले, बरंच बोलले. पण घरी जाताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्याचं काम सहा आठवडे चाललं होतं. त्या सहा आठवड्यांत त्याची गाईड, म्हणजे मी, एकदाही ओपीडीत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले नव्हते.

हे आज लिहायचं कारण असं, की एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प सक्तीचा करावा, ही सूचना पुन्हा पुन्हा कानावर येते. परिषदेत कोणी तसं म्हटलं की टाळ्या पडतात. मी पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवते, म्हणजे ज्या विषयाच्या तासाला मागचे बाक एमसीक्यूची पुस्तकं उघडून बसलेले असतात, तो विषय. संशोधनाशी माझं वैर असण्याचं काही कारण नाही. विद्यार्थ्याने ते करावं, वेळेत करावं, छोटं करावं. पण सक्ती करायचीच असेल तर ती आधी गाईडवर करा, असं माझं म्हणणं आहे. विद्यार्थ्यावरच्या सक्तीने काय होतं, ते आपण पीजीच्या थिसिसमध्ये पाहतोच आहोत.

पीजीचा थिसिस सक्तीचा आहे. त्याचं बाइंडिंग छान होतं, वर सोनेरी अक्षरं येतात, प्रती विभागाच्या आणि लायब्ररीच्या कपाटात जातात. आत काय असतं ते कपाटाला ठाऊक. मागच्या बॅचचा थिसिस घ्यायचा, थोडा इकडेतिकडे करायचा, आकडेमोड बाहेर शहरात कुणाकडून तरी करून आणायची, पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली, म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोग नाही असं म्हणता आलं, की हुश्श करायचं. सगळे असं करत नाहीत. फार सुंदर थिसिस मी वाचले आहेत, आणि ते कुणाच्या हाताखाली झाले हे पहिली दहा पानं वाचूनच कळायचं. चांगल्या थिसिसची खूण विद्यार्थ्याच्या हुशारीत क्वचितच सापडते. ती बहुतेक वेळा गाईडच्या लाल पेनात असते.

समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली भारतातल्या 579 वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला होता. 2005 ते 2014 या दहा वर्षांत यांतल्या 332 संस्थांतून एकही शोधनिबंध आलेला नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त 25. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, पाहा, म्हणूनच सक्ती हवी. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. ज्या संस्थेत दहा वर्षांत शिक्षकांच्या हातून एक निबंध झाला नाही, तिथे एकोणीस वर्षांच्या पोराला प्रश्न कसा विचारायचा हे शिकवणार कोण? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता जी ऐच्छिक वाट आहे तिच्याकडे बघू. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, सगळे जिला एसटीएस म्हणतात, ती 1979 पासून चालू आहे. कल्पना चांगलीच आहे. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या मुलाने आपल्याच कॉलेजातला एक शिक्षक गाईड म्हणून धरायचा, प्रस्ताव पाठवायचा, तो निवडला गेला की एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन दोन महिन्यांचं काम करायचं, अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. मी ओळखते त्यांतल्या कित्येक चांगल्या डॉक्टरांनी आयुष्यातला पहिला फॉर्म याच निमित्ताने भरून घेतला.

दोन महिने हे कागदावर. प्रत्यक्षात सकाळी लेक्चर, मग क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी प्रॅक्टिकल. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी भरलीच पाहिजे. मुलाच्या वाट्याला येतो तो ओपीडी उठत आल्यावरचा अर्धा-पाऊण तास, आणि नेमकी त्याच वेळी पेशंटला एसटी गाठायची असते. खर्चाचंही तसंच. झेरॉक्स, गावात जायचं भाडं, सुट्टीत मेस बंद असताना बाहेरचं जेवण, हे सगळं आधी खिशातून जातं. विद्यावेतन अहवालानंतर. घरून पैसे येणाऱ्याला यात काही जाणवत नाही. ज्याची फी शिष्यवृत्तीवर चालते तो मुलगा या वाटेला सहसा फिरकत नाही, आणि आपण समजतो त्याला आवड नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अडचण गाईड मिळण्याची. प्रस्तावांचे दिवस आले की मुलं केबिनबाहेर उभी असतात. बहुतेकांना एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: "तू लिहून आण, मी सही करते." हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. आणि ते आळसातून येतं असं नाही. माझी लेक्चर मोजली जातात, प्रॅक्टिकल मोजली जातात, परीक्षेच्या हॉलमधल्या फेऱ्यासुद्धा मोजल्या जातात. मुलाशेजारी ओपीडीच्या बाकावर घालवलेला तास लिहायला कुठल्याच रजिस्टरमध्ये जागा नाही. त्याच्या कामाचा निबंध छापून आला तर मात्र तो माझ्या नावावर धरला जातो, कारण बढतीला निबंध लागतात. म्हणजे शिकवण्याचं शून्य आणि नाव लावण्याचे गुण. अशा हिशेबात माणूस काय करेल ते सांगायला अर्थशास्त्र कळावं लागत नाही.

शेजारी उभं राहण्याने काय फरक पडतो, याचा एक जुना दाखला आहे. 1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्याकडे काम करत होता. हॉवेलनी त्याला नेमून दिलेलं काम होतं रक्त गोठवणारा पदार्थ शुद्ध करण्याचं. मेंदूचा अर्क झाला, हृदयाचा झाला, यकृताचा झाला. यकृताचा अर्क ठेवून ठेवून जुना झाला आणि भलतंच वागू लागला. तो रक्त गोठू देईना. मॅक्लीनने हे सांगितल्यावर हॉवेलना पटलं नाही. त्याने पुढे लिहिलेल्या आठवणीप्रमाणे, मग तो मांजराचं रक्त चंचुपात्रात घेऊन आला, त्यात आपला अर्क ढवळला, पात्र प्राध्यापकांसमोर ठेवलं आणि म्हणाला, गोठलं की मला सांगा. ते गोठलं नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाच्या नावाचा उगम त्याच यकृतात आहे. त्या शोधाचं श्रेय विद्यार्थ्याचं किती आणि गुरूचं किती, हा वाद पुढे पुष्कळ वर्षं चालला. तो वाद मला अगदी घरचा वाटतो.

मला त्या गोष्टीतलं चंचुपात्र महत्त्वाचं वाटतं. विद्यार्थ्याला नेमून दिलेल्या उत्तराच्या उलट उत्तर मिळालं, आणि ते आणून दाखवायला त्याच्यासमोर एक माणूस होता. शंका घेणारा, पण बघायला तयार असलेला. आपल्याकडे असा अर्क जुना झाला असता तर? सिनॉप्सिसमध्ये अपेक्षित निष्कर्ष आधीच लिहिलेला असतो. मुलाने तो अर्क बेसिनमध्ये ओतून दिला असता आणि ताजा करून अपेक्षित तेच लिहिलं असतं. मागाहून सही करणाऱ्या गाईडला ते कळलंही नसतं.

दुसरा प्रसंग, आणि यात मी हजर होते. त्या विषम आकड्यानंतर मी स्वतःला लावून घेतलेला नियम होता, की मुलांच्या पहिल्या दहा पेशंटना मी बरोबर बसायचं. एक मुलगी एनसीडी, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांच्या, क्लिनिकमध्ये एका आजींना संमतिपत्र वाचून दाखवत होती. "सदर संशोधन प्रकल्पाविषयीची माहिती मला समजेल अशा भाषेत देण्यात आली असून..." आजींनी अर्ध्यातच थांबवलं. "पोरी, अंगठा कुठं लावू ते सांग. आन् गोळ्या आज भेटतील का?"

मुलीने शाईचं पॅड पुढे केलं. मी म्हटलं, थांब. त्या नाही म्हणाल्या तर त्यांना गोळ्या मिळतील की नाही?

"मिळतीलच की, मॅडम."

"मग ते त्यांना सांग."

तिने सांगितलं. कागदातलं मराठी बाजूला ठेवून, घरी बोलतो तसं सांगितलं: आजी, हे माझ्या अभ्यासाचं काम आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी गोळ्या मिळणार. आजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मंग ऱ्हाऊ दे बाई. माजी गाडी जाईल." आणि त्या गोळ्यांच्या रांगेकडे गेल्या.

मुलगी हिरमुसली. एक पेशंट गेला म्हणून तिला वाईट वाटलं. त्या दिवशी तिच्या शीटमध्ये 'नकार' नावाचा नवा रकाना आला, आणि महिन्याअखेरीस त्यात बऱ्यापैकी गर्दी झाली. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत स्वेच्छेने दिलेल्या संमतीबद्दल पानंच्या पानं आहेत, परीक्षेत त्यावर टीपही येते. ती मुलगी ते सगळं पाठ म्हणून दाखवू शकत होती. पण संमती म्हणजे काय हे तिला आजी उठून गेल्यावर कळलं. पुढे ती सर्जन होईल, ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी नातेवाइकापुढे कागद धरेल, तेव्हा तो रकाना तिच्या कामी येईल अशी माझी आशा आहे. तिच्या कामाचा निबंध झाला नाही. माझ्या मते तिचा प्रकल्प आमच्या विभागातला त्या वर्षीचा सगळ्यात यशस्वी प्रकल्प होता.

आता सक्तीचा हिशेब करू. दीडशे जागांचं कॉलेज घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने शंभर फॉर्म भरायचे म्हटलं तर एका बॅचचे पंधरा हजार फॉर्म झाले. एका फॉर्मला वीस मिनिटं धरली तर पाच हजार तास. हे तास कुणाचे? आमच्या बाकांवर बसलेल्या लोकांचे, ज्यांचा त्या दिवसाचा रोज आधीच बुडालेला असतो. दरवर्षी तीच ओपीडी, तेच मधुमेहाचे रुग्ण, तीच प्रश्नावली: तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का, पायांची काळजी घेता का. एथिक्स कमिटीपुढे दीडशे प्रस्ताव. त्या कमिटीवर बाहेरचा अध्यक्ष, कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक असावा लागतो, तो प्रस्ताव वाचण्यासाठी. दीडशे आले की वाचणं थांबतं आणि शिक्के सुरू होतात. देशात एमबीबीएसच्या जागा आता एक लाखाच्या वर आहेत. लाखभर प्रकल्पांतून येणाऱ्या विषम आकड्यांची मला खरंच धास्ती वाटते.

याला एक उत्तर आहे आणि ते कमकुवत नाही. सक्ती नसेल तर संशोधन पुन्हा मोठ्या शहरांतल्या मोठ्या कॉलेजांची मिरास होईल. ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत त्यालाच कुणाला भेटायचं हे ठाऊक असतं. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कोणी ढकललं नाही तर तो सिनॉप्सिस या शब्दालाच घाबरेल. हे खरं आहे, मी रोज पाहते. त्यात भर म्हणजे अमेरिकेची वाट. जानेवारी 2022 पासून तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या स्टेप 1 परीक्षेत गुण देणं बंद झालं, नुसतं पास-नापास राहिलं, आणि तिकडे जाऊ पाहणारी मुलं नावावर किती निबंध आहेत ते मोजू लागली. सहलेखकाची जागा विकत मिळेल, असे मेसेज मुलांच्या फोनवर मी स्वतः पाहिले आहेत. ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडे संशोधन.

म्हणून मी सगळं ऐच्छिक सोडा असं म्हणत नाही. प्रत्येकाला मोजायला शिकवणं सक्तीचं करा. त्यासाठी दीडशे वेगळे प्रकल्प लागत नाहीत. फॅमिली अ‍ॅडॉप्शन कार्यक्रमात मुलांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दिली जातात. सेवाग्रामला तर कॉलेज सुरू झाल्यापासून प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेत आली आहे. तेच कुटुंब, तीच माणसं, तीन वर्षं. त्यांचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन नीट घेतलं आणि नीट जपून ठेवलं तर एका बॅचकडे तीन वर्षांनी जे साठेल ते कुठल्याही दोन महिन्यांच्या प्रश्नावलीपेक्षा मोलाचं असेल. सगळ्यांनी मिळून एक प्रश्न, पुढच्या बॅचने तोच पुढे न्यायचा. सध्या बहुतेक ठिकाणी या नोंदींचं लॉगबुक सही होऊन रद्दीत जातं.

ज्याला याच्या पुढे स्वतःचा प्रश्न घेऊन जायचं आहे त्याने एसटीएस करावं किंवा कॉलेजच्या पातळीवर करावं. मात्र मग गाईडकडे एका वेळी दोनच मुलं असावीत, त्यांच्याबरोबर घालवलेले तास वर्कलोडमध्ये धरले जावेत, आणि अहवालाऐवजी कच्च्या फॉर्मांवर तोंडी परीक्षा व्हावी. हा पेशंट कुठल्या दिवशी आला? हा आकडा खोडून का लिहिला? नकार किती? काहीच निष्कर्ष निघाला नाही, असं लिहिणाऱ्यालाही तेवढेच गुण. आणि खर्चाचा निम्मा पैसा आधी. हे सुचवायला मला कुठल्या समितीवर जावं लागत नाही, आणि करायला कॉलेजला नवीन इमारत लागत नाही. निबंधाचं म्हणाल तर झाला तर झाला.

अनेकांना वाटतं, हे असं मोजूनमापून पोरखेळच होणार, यातून शास्त्र काय पुढे जाणार? त्यांना मी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची आठवण करून देते. डॉ. हिम्मतराव बावस्करांकडे तिथे लाल विंचू चावलेली माणसं येत. घामाने निथळणारी, हातपाय गार पडलेली, मग छातीत पाणी होऊन जाणारी. त्यांनी खाटेशेजारी बसून कोणतं लक्षण कधी येतं ते टिपलं. त्या टिपणांवरचा निबंध 1982 साली लॅन्सेटमध्ये आला. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि कोकणातली कितीतरी घरं वाचली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. रात्रभर जागून वेळेवर मोजलेलं बीपी होतं. ते बीपी कुणी हॉस्टेलवर बसून लिहिलं असतं तर?

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलं. आम्ही चाळीस ओळी काढून टाकल्या आणि साठ का आहेत ते अहवालात एका परिच्छेदात लिहिलं. तो म्हणाला, मॅडम, मुदत संपत आलीय, तर उरलेल्या दिवसांत निदान केसपेपर तरी चाळून बघू का? त्याने साठही जणांच्या केसपेपरवर त्याच दिवशी लिहिलेलं बीपी स्वतःच्या आकड्यांशेजारी मांडलं. त्याचे आकडे 2, 4, 6, 8 असे कसेही संपत होते. केसपेपरवरचे जवळजवळ सगळे शून्यावर संपत होते. 120/80, 130/80, 140/90.

"मॅडम, हे कोणी घेतलं असेल?"

इंटर्न घेतात. त्यांना आमचाच विभाग शिकवतो. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं सकाळपासून ओपीडीत बसलो. पहिल्या पेशंटचं त्याने मोजलं, मी पुन्हा मोजलं, दोघांचंही 146 आलं. शेजारच्या टेबलावर केसपेपर भरून झाला होता. त्यावर 150 होतं.